बाभळीजवळचा दगड

बन्सीदादा,
भागवतचा नमस्कार.

मोबाईल भरला म्हणून जुने व्हिडिओ पुसायला गेलो आन सगळे फोटोच गेले. आपल्या वावरांमधल्या हद्दीचा दगड आता जिथं हाय, तिथले फोटो त्यातच होते. उद्या मोजणीवाल्याला तेच दाखवून तुमाला खोटं पाडायचं होतं. तसाच जीपनं पाथरीला मोबाईलच्या दुकानात गेलो.

दुकानदारानं खटपट करून फोटो परत आणले. त्यात चार वर्षांमागचा एक निघाला. तुमची निकिता दगडावर बसून हुरडा खायलीय. दगड बाभळीला लागूनच हाय, दादा, तुमी म्हणता तिथंच. आन मी चारचौघांत तुमाला लबाड म्हणलो.

घरी आल्यावर आमची पार्वती म्हणली, "कुणी बघितलाय? टाका पुसून."

दोनदा बोट नेलं. पोरगी हसायलीय त्यात. पुन्हा मन फिरंल म्हणून फोटो निकिताच्या मोबाईलवर पाठवून टाकला. खाली एक अक्षर लिहिता आलं न्हाई. ते इथं लिहायलोय, पण हा कागद तुमाला द्यायची हिंमत न्हाई.

फोटोखाली निळ्या खुणा आल्यात. आत्ताच भिंतीपलीकडं तुमच्या दाराची कडी वाजली.

तुमचा धाकटा,
भागवत