मळ्यातली पावणी

मळा, गडहिंग्लज
२ फेब्रुवारी २०२५

चि. सुष्मितास अव्वाचे आशीर्वाद, वि. वि.

फोनवर मला रडू येतं आणि अप्पांना ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. मळ्यात गोबर गॅसचा खड्डा खणताना माणसाची हाडं निघाली, गुडघे छातीशी घेतलेली. आपल्या लिंगायतांत बसवूनच पुरतात की, म्हणून अप्पांनी धसका घेतला. त्यांच्या अज्जांच्या, म्हणजे तुझ्या पणजोबांच्या, समाधीचा दगड पुरात गेला, नेमकी जागा कुणालाच ठाऊक न्हाय. स्वतःच्या अज्जाच्या डोक्यावर शेण ओतणार होतो, एवढंच घोकतात. दिवसाला अर्धी भाकरी, ती पण मी डोळे वटारले तर. सदरा अंगात लोंबतोय. पोलीसपाटलांना कळवलंय. तुझ्या हाडांच्या शिक्षणाला लई नावं ठेवली, आता तूच येऊन बघ. माणूस हातचा जाईल अशी भीती वाटते.

तुझी अव्वा, महादेवी

मंगळवार पेठ, कोल्हापूर
२७ एप्रिल २०२५

ती. अप्पांना शि. सा. शरणार्थी, वि. वि.

आम्ही मळ्यातून नेलेल्या हाडांच्या तपासणीचा निकाल पुण्याहून आला. ते तुमचे अज्जा नव्हेत. ती तिशीतली बाई आहे, तीन हजार वर्षांपूर्वीची. तेव्हाही पाय मुडपून पुरायचे. दगडावर दळलेल्या धान्यातली कच चावून तिचे दात सपाट झालेत, आणि हाडं सांगतात की बाई मांस-मासे भरपूर खायची. शेजारी अंडं फुटलं तरी आंघोळ करणारे तुमचे अज्जा, त्यांना कुठल्या पंगतीला बसवलंत?

तिच्या मांडीचं हाड मोडून वाकडंच सांधलंय. कितीतरी दिवस ती उठली नसणार, तरी पुढं बरीच वर्षं जगली. कुणीतरी तिला बसल्या जागी खाऊ घातलं असणार. मला भरून आलं.

आता जेवा, आणि माया असू द्या.

तुमची सुष्मिता

मळा, गडहिंग्लज
४ मे २०२५

चि. सुष्मितास अनेक आशीर्वाद.

छातीवरचा धोंडा उतरला. मासे खाणारी म्हटल्यावर मी हसलो, तर तुझी अव्वा रडायला लागली. गॅसचा खड्डा बांधाकडं घेतोय. पावणीच्या जागेवर शेण टाकायला हात धजत न्हाय.

एवढे दिवस अव्वा ताट घेऊन बसायची आणि मी तोंड फिरवायचो. त्या बाईनं कुणीतरी भरवलेला घास खाल्ला, म्हणून जगली. काल म्हटलं, वाढ. दोन भाकरी, झुणका, वर दही. मग पहिल्यांदा विचारलं, तू जेवलीस का. तेव्हा कळलं, माझ्याबरोबर ती पण अर्ध्याच भाकरीवर होती.

आता समोरासमोर बसून जेवतो. तू पण वेळेवर जेव.

तुझा अप्पा, चनबसाप्पा