इंजनाला शेंदूर

मिस्त्री, मी स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तू आधी लिहून काढतो, म्हणजे "तुला काय येतंय मर्दा" हे तुमचं पालुपद मध्येच यायला नको. झिजलेली तीनधारी कानस दगडावर घासून केलेला, धातू खरवडायचा स्क्रॅपर, जो मी अजून दुसऱ्या कोणाच्या हातात दिलेला नाही. तुटलेल्या स्प्रिंगच्या पट्टीतून केलेले दोन कॅलिपर. दोघांच्या मापात केसाचा फरक नाही. इंजिनाच्या पोटाखाली निजून काम करताना टांगायचा, तेलाच्या डब्याच्या पत्र्याचा दिवा. सागवानी पेटी, एकही खिळा न मारता नुसत्या खाचांत बसवलेली. आणि बेरिंगं. ती मोजली नाहीत, पण एक सोडून बाकी सगळी निर्दोष होती. त्या एकाबद्दलच लिहायला बसलोय, आणि लिहिताना राग तुमचाच येतोय.

लोक म्हणतात, रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये मला तुम्ही घडवलं. काय घडवलं? चार वर्षं फिटर म्हणून तुमच्या शेजारी उभा राहिलो, एक माप कधी तोंडानं सांगितलं नाहीत. "किती ठेवायचं, मिस्त्री?" विचारलं की "डोळं हायत की फुटलं?" इंजिनाची ड्रॉइंगं मी डिक्शनरी मांडीवर घेऊन एकट्यानं वाचायला शिकलो, तेव्हा तुम्ही म्हणालात, "आता इंजन इंग्रजीत पळंल की रं!" आणि सगळी शेड हसली. तेलाची चिंधी जमिनीवर पडली तर तुमचा आवाज फलाटापर्यंत जायचा. पाना जागेवर नसला की माणसाच्या सात पिढ्या निघायच्या. एवढा तोंडाळ माणूस, आणि जिथं ओरडायला हवं होतं नेमका तिथं मुका झाला. हे मला आजही समजत नाही, आणि न समजलेलं काम अर्धवट टाकायची मला सवय नाही.

बेरिंग बसवायची तुमची रीत मात्र मान्य करतो. मारुतीला लावतात तोच शेंदूर, धोतराच्या फडक्यातून तीनदा गाळलेला. तो तेलात कालवून चाकाच्या आसाला बोटानं फासायचा, इतका पातळ की खालचं लोखंड दिसावं. त्यावर बेरिंग टेकवून थोडं फिरवायचं आणि उचलायचं. जिथं लाल लागलं तो उंचवटा. तेवढाच स्क्रॅपरनं खरवडायचा. पुन्हा शेंदूर, पुन्हा खरवडणं, लाल ठिपके सगळीकडे सारखे पसरेपर्यंत. तुम्ही जैन, मारुतीच्या देवळाची पायरी कधी चढला नाहीत, पण देवळाबाहेरच्या दुकानात शेंदराला हटकून जायचात. दुकानदार तुम्हाला मोठे भक्त समजायचा.

ते चैत्रातले दिवस. संस्थान नुकतंच विलीन झालेलं, शेडला चार्जमनची, म्हणजे मिस्त्रीच्या वरची, जागा मंजूर झालेली, आणि ती तुमची हे चहावाल्यालासुद्धा ठाऊक. सकाळच्या मिरजेच्या गाडीचं इंजिन तयार व्हायचं होतं, आणि तुम्ही नेहमीसारखे दिवस मावळायच्या आत जेवायला घरी गेलात. इंजिन उघडं पडलेलं असो की साहेब उभा असो, तुमचं जेवण उजेडात. शेंदराचा डबा उघडला तर तळ दिसला. बाजारात जाऊन यायला तास गेला असता. माझ्या पेटीत जोतिबाच्या डोंगरावरून आदल्या दिवशी आणलेली गुलालाची पुडी होती. रंग तो रंग, म्हटलं. कालवला, फासला. बघता बघता बेरिंग सगळीकडून रंगलं आणि मला वाटलं, हात काय बसलाय माझा! गुलाल जाड. तेलात त्याचा लगदा होतो, खळग्यातही भरतो, जे टेकलेलं नाही तेही टेकलंय असं दाखवतो. तेव्हा हे कोणाला ठाऊक! मी ते पुसून घेतलं आणि बसवून टाकलं.

तुम्ही मिशा पुसत परत आलात. "शेंदूर कसा बसला?"

"एकसारखा, मिस्त्री."

"खरं?"

"व्हय की."

तुम्ही वहीत सही केलीत. माझं काम न बघता केलेली तुमची ती पहिली सही. चार वर्षांत तुम्ही मला दिलेली शाबासकी तेवढीच, आणि ती मी खोटं बोलून घेतली.

रुकडीच्या अलीकडं आसातून धूर निघाला. गाडी अडकली, दुसरं इंजिन पाठवून ओढून आणावी लागली. तिसऱ्या दिवशी साहेब चौकशीला उभे आहेत. तुम्ही बेरिंग उलटं धरलंय. आतला पांढरा धातू मेणासारखा ओघळलाय. तेलाच्या खाचेच्या पार टोकातून तुम्ही नखानं काहीतरी काढता, उजेडाला धरता. गुलाबी. मी दोन हात अंतरावर उभा आहे. तुम्ही ते नख विजारीला पुसता.

"हे कोणी बसवलं?" साहेब विचारतात.

"सही माझी हाय, साहेब."

"सही कोणाची ते नाही विचारलं. बसवलं कोणी?"

"ज्याची सही त्येचं काम."

माझं तोंड उघडलं होतं, मिस्त्री. शब्द आला नाही. तुम्ही एकदा माझ्याकडं बघितलं असतंत तर आला असता, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगतोय. पण तुम्ही बघितलंच नाहीत. चिंधीवरून आकाश पाताळ एक करणारा माणूस, पाना फेकून मारायचा होता की मला! जागा पुण्याहून आलेल्या एकाला मिळाली, आणि तुम्ही त्याला शेड फिरवून दाखवलीत.

दोनदा तुमच्या घरी सांगायला आलो. दोन्ही वेळा संध्याकाळ. काकी चुलीपुढं, तव्यावर भाकरी फुगलेली. "उभं का? या की आत," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "मिस्त्री, ते बेरिंग..." तुम्ही म्हणालात, "आधी जेव. दिवस मावळाय आलाय." पानात भाकरी, शेंगांची चटणी. मी पुन्हा सुरुवात केली की तुम्ही काकींना, "त्येला आजून दही घाल." भरल्या तोंडानं कबुली देता येत नाही, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. जेवण झाल्यावर कानशीच्या दातांवर तासभर बोललात आणि दारापर्यंत सोडायला आलात.

पंधरा दिवसांनी माझ्या पेटीवर एक डबा ठेवलात, गाळलेल्या शेंदरानं काठोकाठ भरलेला. "जोतिबाचा गुलाल जोतिबाला. इंजनाला शेंदूर." एवढं बोललात आणि चिंधी कोणी टाकली म्हणून ओरडत पलीकडं गेलात. हे काय बोलणं झालं? पुढं मिस्त्री म्हणूनच निवृत्त झालात, आणि वर्षभरात गेलातही. मला उलटून काही विचारायची सोय ठेवली नाहीत.

काकींकडं मी अजून जातो. त्या म्हणतात, "ह्यांच्या हातनं तेवढं एक कसं बिघडलं, कुणास ठावं." मी दही खातो. हे कागद त्यांना वाचून दाखवायचे म्हणूनच लिहायला घेतले होते. पण आता ते पेटीत, तुमच्या डब्याखाली ठेवणार आहे. परवा गेलो तरी दहीच खाणार, हे मला माहीत आहे.

एक मात्र तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. तुम्ही गेल्यावर चार वर्षांनी तो पुण्याचा बदलून गेला आणि साहेबांनी मला बोलावलं. मी म्हणालो, "मला खुर्ची मानवत नाही." शेडमध्ये अजून म्हणतात, लई ताठा हाय गड्याला. ताठा आहेच, पण त्या दिवशी नव्हता. साहेबांनी पुढं केलेल्या कागदावर तुमची जागा होती, मिस्त्री. चार्जमन, कोल्हापूर शेड, महिना दोनशे साठ रुपये.