हिमनदीवरची सोपी वाट

सिअॅटल, १२ नोव्हेंबर १८९७

चि. सीवर्ट यास रग्नाताईचे अ. आ.

तू डॉसनला सोनं खणायला गेलास आणि फोटो काढत बसलास, हे वाचून बाबांना बरं वाटलं. मास्तरकी सुटल्यापासून ते खिडकीत बसून उत्तरेला जाणाऱ्या बोटी बघतात. गावाला वेड लागलंय. परवा आपला पाववालाही दुकानाला कुलूप लावून गेला.

मलाही काम मिळालं. धक्क्याजवळच्या एका दुकानासाठी मी सोन्याच्या मुलखाचे नकाशे काढते. तो मुलूख मी पाहिलेला नाही, असं मालकांना सांगितलं, तर म्हणाले, गिऱ्हाइकाने तरी कुठे पाहिलाय. एका जागी नुसती हिमनदी होती. तिच्यावर त्यांनी ठिपक्यांची रेघ ओढायला लावली आणि शेजारी ‘सोपी वाट’ असं लिहायला लावलं. इथून कोणी गेलंय का, असं मी विचारलं. नकाशा खपला की जातील, म्हणाले. मी रेघ ओढली. अक्षर मात्र सुरेख आलंय.

पत्र धाडत जा, माया आटू देऊ नकोस.
तुझी ताई, रग्ना

डॉसन, २० जानेवारी १८९८

ती. रग्नाताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र कुत्र्यांच्या गाडीने आलं. त्या वाटेने कोणी खरंच गेला, तर तुझं सुरेख अक्षर काय त्याला चाटायचंय?

पण मी कोणत्या तोंडाने बोलू? चांगल्या जागा पहिल्या आलेल्यांनीच धरल्या. मागून आलेले लाकडं फोडतात, भांडी घासतात, आणि घरी दाखवायला काहीतरी हवं म्हणून माझ्याकडे येतात. इथल्या खाणावळवाल्या बाईकडे अक्रोडाएवढा सोन्याचा गोळा आहे. फोटोपुरता तो मी मागून आणतो. चाळीसेक जणांचा तो हातात धरून झाला. परवा एक सुतार तो धरून रडायला लागला. मी त्याला म्हटलं, हलू नका, फोटो पुसट येईल.

गंमत म्हणून माझाही तसलाच एक फोटो पाठवतोय. बाबांना खरं काय ते सांग.

आहे तशी आठवण राहू दे.
तुझा, सीवर्ट

सिअॅटल, २८ मार्च १८९८

चि. सीवर्ट यास आशीर्वाद.

बाबा गेले. घाबरू नकोस, उत्तरेला गेले. बोटीत चढले तेव्हा ठणठणीत होते.

तुझं पाकीट आलं तेव्हा मी आठवडाभर मावशीच्या आजारपणात टाकोमाला होते. वर नुसतं आडनाव होतं म्हणून बाबांनी ते उघडलं, फोटो घेतला आणि पत्रावर माझं नाव बघून घडी न मोडता ठेवून दिलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये, हे त्यांनी तीस वर्षं पोरांना शिकवलंय. मागे चिठ्ठी ठेवली की पोराला एवढं मिळालंय, आता उचलायला हात हवेत. चौसष्टाव्या वर्षी. नकाशा आमच्याच दुकानातून नेला, तोच, सोप्या वाटेचा.

तुला शिव्या द्यायला बसले होते. पण तुझ्या फोटोने त्यांना उठवलं आणि माझ्या रेघेने वाट दाखवली, तेव्हा कोण कोणाला बोलणार? मी काम सोडलं. रोज धक्क्यावर उभी राहून ती वाट खोटी असल्याचं सांगते. लोक विचारतात, मग खरी वाट कोणासाठी लपवून ठेवलीय.

त्यांचं काही कळलं तर आधी ते लिही, लोभाचं मागून.
रग्ना

हिमनदीपलीकडचा तळ, ९ जून १८९८

चि. सौभाग्यकांक्षिणी रग्ना हिस अनेक आशीर्वाद.

अक्षर वाकडं आहे, माफ कर. बर्फाच्या उजेडाने माझे डोळे आठ दिवस गेले होते, आता ओळी दिसतात. इथे सोनं नाही. डॉसन किती लांब आहे ते कोणालाच ठाऊक नाही. येताना आमच्यातले दोघे बर्फाच्या भेगेत गेले. तुला हे लिहू नये असं वाटलं होतं. पण लपवलं, तर तुझ्या मालकात आणि माझ्यात फरक काय?

शेकोटीपाशी रोज नकाशा काढणाऱ्याचा उद्धार होतो. सापडला तर टांगायचा, हेही ठरलंय. सगळ्यांत मोठ्या आवाजात शिव्या मीच देतो, म्हणजे कोणाला संशय येत नाही. तेवढ्या मनाला लावून घेऊ नकोस.

परत त्याच हिमनदीवरून यायचंय. सीवर्टला कळव की मला त्याचं सोनं नको, तो दिसला तरी पुष्कळ.

तू विचारशील, तोच नकाशा का घेतला. दुकानात चार होते, पोरी. ते अक्षर मी शिकवलेलं होतं, म्हणून बाकीचे उघडूनही पाहिले नाहीत.

पोहोचलो तर दार उघड.
तुझा बाप, हाल्वर