पत्ता अपुरा

सूनबाई,

जेवण झाकून ठेवलंय. आधी खा, मग वाच.

मी पोलीस चौकीत गेले आहे. घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. फक्त अक्कल गहाण टाकून बसले.

सकाळी मोबाइलवर मेसेज आला. तुमचं पार्सल अडकलंय, पत्ता अपुरा आहे, खालच्या निळ्या ओळीवर दाबा आणि थोडे पैसे भरा. कुरिअरवाले असं कार्ड मागत नाहीत, अनोळखी नंबर दिसला की सोडून द्यायचं, हे तू शंभरदा बजावलं होतंस. मला सगळं आठवत होतं गं. पण ‘पत्ता अपुरा’ वाचलं आणि वाटलं, घर सोडून गेलेले आमचे चिरंजीव इतक्या वर्षांत आपला मजला विसरले असतील. कार्डाचा नंबर दिला, मागून मोबाइलवर आलेला ओटीपीचा आकडाही दिला. तुझ्या पगारातलं खात्यात होतं नव्हतं ते गेलं.

कार्डामागच्या नंबरवर फोन करून बँकेला कार्ड बंद करायला लावलंय. मेसेज पुसलेला नाही, चौकीत दाखवायचाय. “आजी, कशाला दाबलंत?” म्हणून तिथे कुणी हसलं, तर त्याला तिथेच सुनावीन. पण कुणाचं पार्सल यायचं होतं असं विचारलं, तर काय सांगू ते अजून ठरलेलं नाही.

असा मेसेज तुझ्याही मोबाइलवर येईल. दारावर कुणी आलं की तू हातातलं काम टाकून उठतेस, ते मला दिसतं. दाबू नकोस, पोरी. तुझ्या नवऱ्याने काही पाठवलेलं नाही.