उबदार भिंत

जळगाव, ६ डिसेंबर १९५४
आलो एकदाचे शहरात! सासूबाई म्हणायच्या, हिचं नाक वर, हिला पहूरसारखं खेडं कुठलं मानवायला. ह्यांना कापसाच्या जिनात काम मिळालं आणि वखारवाल्या रुपचंद शेटनी खोली दिली. खोली कसली, केळीच्या वखारीला लावलेलं ठिगळ. दार एक, झरोका एक. पण पलीकडे केळी पिकवायला धुरी घालतात, त्यामुळे मधली भिंत छान ऊन असते. अभिमनची गोधडी मी तिलाच लागून घातली. पाच महिन्यांचा माझा राजा, शेकत पडलाय नुसता.

११ डिसेंबर
भिंतीपलीकडची माणसं सारखी बडबडतात, एकमेकांना हाका मारतात. कामापेक्षा तोंडच जास्त! डोकं दुखतं माझं. ह्यांचंही दुखतं. इथलं पाणी बाधलं असेल. अभिमन मात्र गुणाचा, फार झोपतो.

१५ डिसेंबर
शेजारच्या सोनीबाई सातपुड्यातल्या, इथे मजुरी करतात. त्यांनी आज सांगितलं, या खोलीत आधी धुरपदाबाई राहायची. तिची तान्ही पोर झोपेतच गेली, मागोमाग तीही. अजून ती दुसऱ्यांची लेकरं थोपटून निजवते म्हणे. मी हसले. घरात आल्यावर अभिमनला उगीच जागं केलं. लवकर उठेना.

१८ डिसेंबर
दूध ओकला. डोळे जड. ह्यांना म्हटलं, खोली बदलू. म्हणाले, आपल्यासारख्यांना दुसरी देतो कोण? तेही खरंच. सोनीबाई म्हणतात, ती झरोक्यातून येते. शेणमाती कालवली आणि झरोका लिंपून टाकला. आता ये म्हणावं भवाने.

२० डिसेंबर
कुणीतरी थोपटतंय. ऐकू येतं मला — की माझ्याच कानात ठोके — उठले तर पाय लटपटले. अभिमनचे गाल गुलाबी झालेत. रडत नाही. रड ना रे सोन्या.

२१ डिसेंबर
पाणी आणायला गेले. वखारीतले झुलालभाऊ ओट्यावर बसले होते. सहज विचारलं, आत एवढं बोलत का असता? म्हणाले, "धुरमा मानूस गप व्हयना का त्याले वढी काढनं पडस."
धुरात माणूस गप्प झाला की त्याला ओढून बाहेर काढावं लागतं! हंडा तिथेच टाकला —

त्याच दिवशी, दवाखान्याच्या पायरीवर
वही गोधडीत गुंडाळली जाऊन आली. कुणी बाई नव्हती तिथे. भिंतीच्या भेगांतून धूर येत होता. त्याला जायला वाट एकच होती, झरोक्याची, आणि ती मी, माझ्या हातांनी —
त्याला आत नेलंय. मी इथून बोलतेय, थांबत नाही. बाळा, आई इथेच आहे. बाबा येतील आता. मग आपण पहूरला —
डॉक्टर बाहेर आले.
नुसते उभे आहेत. अहो, गप्प नका ना राहू, काहीतरी —