ऑपरेशनच्या आधी एक डाव

सुलतानपूर

चि. सारिका,
सप्रेम जय भीम.

ताप आला म्हून फोनवर सांगितलं अन् मी डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आठ दिवस पुढं ढकलली. ताप नव्हता बाई. डॉक्टर म्हणले होते, "हवालदार, उरलेली नजर वाचंल का नाही, ते ऑपरेशननंतरच समजंल." खरं सांगितलं असतं तर तू जाऊच दिलं नसतं. म्हून गपचूप मेहकरहून बस धरली अन् आमच्या जुन्या छावणीत गेलो.

तिथलं गोल्फचं मैदान इंग्रजांच्या जमान्यातलं आहे. एकोणिसाव्या वर्षी साहेबांच्या काठ्या वाहता वाहता मी तिथंच खेळाले शिकलो, अन् रिटायर झाल्यावरही दरसाल एक डाव खेळून येत राह्यलो.

माह्या पलटणीतला चिंतामण सोबत होता. सातव्या होलवर मी चेंडू मारला, पण तो कुठं गेला ते मले दिसलंच नाही. चिंतामणलेही सापडेना.

"राहू दे बे, दुसरा घे," तो म्हणे.

"थांब," म्हटलं. फटका कसा बसला ते हाताले समजलं होतं. उतारानं चालत गेलो, जांभळाच्या मुळ्या पायाले लागल्या, तिथं वाकलो. चेंडू हाताशीच होता. चिंतामणच्या डोळ्यात पाणी आलं, अन् मी हासून राह्यलो होतो.

सोमवारी तू नेशील तिथं येतो. हे पत्र मात्र ट्रंकेतच ठेवतो, कारण तू रागावली तर चालंल, पण रडशील. मले आता भेव नाही. ते मैदान माह्या पायाले पाठ आहे.

तुहा बाबा,
प्रेमानंद