उजव्या अंगठ्याची कळ

११ फेब्रुवारी

बायकोला, चिझुरूला, आज बरं म्हणायचं. पेज चार चमचे गेली, ठसका लागला नाही. मेहुणीची, नोबुएची, कंबर तशीच, पण बोलण्यात जोर आहे, म्हणजे तब्येत उत्तम. शेजारच्या आजींचं मांजर परत आलं, एका कानानिशी. माझा गुडघा माझ्याशी बोलत नाही, मीही त्याच्याशी बोलत नाही. आणि चिझुरूचा जुना संगणक— त्याला मात्र अजिबात बरं नाही!

त्याच्या कीबोर्डला अंगठ्यांखाली दोन लांब कळा आहेत. अक्षराच्या कळेबरोबर त्या दाबल्याशिवाय अर्धी अक्षरं उमटतच नाहीत. त्यातली उजवी बंद पडली. वकिलाच्या कचेरीत चिझुरूने उभा जन्म याच मांडणीवर टंकलेखन केलं, दुसरी मांडणी तिच्या बोटांना येत नाही. या दुखण्याने पाय नेले, वाचा नेली, बोटं तेवढी ठेवली— आणि आता ही कळ!

सव्वीस तारखेला डॉक्टर इगाराशी बाई येणार. श्वास पुरेनासा झाला की गळ्याला भोक पाडून यंत्र लावायचं की नाही, हे चिझुरूने स्वतः सांगायचं आहे. मी म्हटलं, अक्षरांची पाटी आहे ना! मी पाटी धरतो, ती नजरेने अक्षर दाखवते, मी वाचतो. बाई म्हणाल्या, "तोकुजी-सान, तुम्ही तिचे शब्द अर्ध्यातच पुरे करता. मला तिचं उत्तर हवंय. तुमचं नको."

राग आला. पण उत्तर एकच असणार! यंत्रासाठी जागासुद्धा आखून ठेवलीय. जन्मभर लोकांच्या घरच्या ततामी चटया मापल्या, एवढी जागा मापता येत नाही का मला?

१२ फेब्रुवारी

कीबोर्ड उघडला. कळेची टोपी उपसली, खाली स्विच. आतली दांडी पिवळी. या जातीच्या स्विचांची ओळख दांडीच्या रंगावरून— पिवळा हलका, पांढरा जड. रेडिओ उघडून उघडून शिकलो तेवढंच माझं शिक्षण, पण पिवळा रंग मला कळतो!

१४ फेब्रुवारी

अकिहाबाराच्या सुट्या भागांच्या बाजारात, कुसाकाबेच्या भंगाराच्या दुकानात गेलो. माणूस तोंडाचा तिखट.

"कोणता हवाय?"

"पिवळा."

"म्हातारबा, पिवळे तर तुझे दातही आहेत. जन्माचा पिवळा की वयाने झालेला?"

"थट्टा पुरे. घाई आहे."

"घाई असलेल्यालाच चुकीचा माल खपतो बरं का."

ढिगात हात घातला. पिवळा दिसला, उचलला, आलो.

१५ फेब्रुवारी

नवा स्विच डाख देऊन बसवला. मी दाबला— अक्षर उमटलं! तिचा अंगठा ठेवला— काही नाही. पुन्हा. काही नाही. मी दाबला की चालतो, तिने दाबला की मुका!

आणि मी ओरडलो. "अगं, जोर लाव ना जरा!" तिच्यावर! तिने डोळे मिटून घेतले. नोबुएने मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. "भावजी, स्विचवर ओरडा. तो ऐकून तरी घेईल."



१६ फेब्रुवारी

डोकं थंड करून बसलो. कळांचे वेडे लोक स्विच तोलतात तसं तोललं— कळेवर कागदी पेला, पेल्यात एकेक येनची नाणी. नाणं बरोबर ग्रॅमभराचं. काढून ठेवलेला जुना स्विच साठाला दबला. नवा पंच्याहत्तर झाले तरी नाही.

नव्याची दांडी बाहेर काढली. वरचं टोक पिवळं, आत दडलेला भाग दुधासारखा पांढरा. उन्हाने पिवळा झालेला पांढरा! कुसाकाबे बरोबर बोलला होता.

पण ते जाऊ दे. जुना स्विच तारा जोडून पुन्हा दाबून पाहिला. वीस वेळा. एकदाही चुकला नाही.

म्हणजे तो बिघडलाच नव्हता. कळ ठणठणीत होती. अंगठा जात होता.

हे लिहून ठेवतो. मोठ्याने बोलणार नाही.

१७ फेब्रुवारी

तिला आधीच ठाऊक होतं. विचारलं, तर पापणी लवली, म्हणजे हो.

१९ फेब्रुवारी

पुन्हा कुसाकाबे. या वेळी खरं काय ते सांगितलं. तो थट्टा करील म्हणून तयारीत होतो. त्याने गल्ल्याजवळचा स्वतःचा कीबोर्ड पालथा घातला आणि त्यातला एक स्विच काढायला बसला.

"अरे, तुझा चालू कीबोर्ड आहे तो!"

"मग? बंद असता तर तुला दिला असता का?" दांडी काढून मला आतून-बाहेरून दाखवली. फिकट गुलाबी, दोन्हीकडे सारखी. "हा सर्वांत हलका. पण जप हो. मांजराने फुंकर मारली तरी दबतो. बोट नुसतं टेकलं तरी भलतंच लिहीत सुटेल."

पैसे घेतले नाहीत. वर भाताचे दोन गोळे दिले. 

२१ फेब्रुवारी

कुसाकाबे म्हणाला तसंच झालं. तिचा अंगठा टेकला की पडदाभर निरर्थक अक्षरं. हिला बोलायचंय की हात पडलाय, कळणार कसं? डॉक्टर बाई हे मान्य करतील? पाचच दिवस उरले. 

२२ फेब्रुवारी

स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तिचा अंगठा ठेवला. नुसता टेकवलेला किती, मुद्दाम दाबलेला किती. दोहोंमध्ये दहा-बारा नाण्यांचं अंतर. एवढंच उरलंय तिच्यापाशी! पण आहे.

स्विचमधली स्प्रिंग चिमट्यात धरून केसभर ताणली. तोलली. पुन्हा ताणली. पुन्हा तोलली. दिवस गेला. आता नुसत्या अंगठ्याने दबत नाही. दाबला तरच दबतो. शंभरदा पाहिलं.

२३ फेब्रुवारी

चालली! कळ चालली!

एक वाक्य लिहायला तिला चहा निवेपर्यंतचा वेळ लागला. मला वाटलं माझं नाव येतंय. आलं ते असं— "पेजेत मीठ नसतं. महिना झाला."

नोबुए पोट धरून हसली. "भावजी, पाटीवर तर म्हणे रोज 'छान झालीय' यायचं!"

मीही हसलो. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून ठेवला, आवाज जाऊ नये म्हणून. खरंच, 'छान' हा शब्द पहिल्या अक्षरावरच मी पुरा करायचो. रोज.

२६ फेब्रुवारी, सकाळी

इगाराशी बाई आल्या. आम्हा दोघांना बाहेर काढलं, दार लावलं. आम्ही स्वयंपाकघरात. नोबुए मुळा किसतेय, कुणासाठी देव जाणे. आतून टक्... टक्... थांबते, पुन्हा येते. चांगली वाजतेय कळ. यंत्र येईल, मग उन्हाळ्यात तिला खिडकीशी घेता येईल. पडदा बदलायला हवा.

अजून टक्... टक्... एवढ्याशा 'हो'ला एवढा वेळ?

२६ फेब्रुवारी, दुपारी

तिने लिहिलंय— "यंत्र लावू नका. पुष्कळ झालं, सुखाचं झालं. यांना रडू द्या, पण यांचं ऐकू नका."

बाईंनी मला बाजूला घेतलं. "कळ फार हलकी केलीत म्हणे. चुकून दबून भलतंच उमटलं असेल का? तुम्हीच सांगू शकाल. शंका असेल तर हे उत्तर मी धरणार नाही."

नोबुए माझ्या तोंडाकडे बघत होती. एक 'हो' पुरला असता.

म्हणालो, "नाही. दाबल्याशिवाय ती दबत नाही."

आत गेलो. तिचा अंगठा उचलून कळेवर ठेवला. म्हटलं, आता मला लिही. मीठ कमी असेल तर तेही लिही. पण लवकर लिही.